राजा नसलेल्या समाजातले अस्पृश्य

२० मार्च ही तारीख आपल्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पण त्याच तारखेला, २९ वर्षांनी, आफ्रिकेत काय घडले हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. २० मार्च १९५६ रोजी नायजेरियाच्या पूर्व प्रांताच्या विधिमंडळात, एनुगू शहरात, प्रांताचे पंतप्रधान नामदी अझिकिवे एका विधेयकावर बोलायला उभे राहिले. विधेयक होते ओसू प्रथा नष्ट करण्याचे. ओसू म्हणजे इग्बो समाजाने बहिष्कृत ठेवलेली माणसे. अझिकिवे स्वतः इग्बो, पुढे नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. देश अजून इंग्रजांच्या ताब्यात होता, स्वातंत्र्याला साडेचार वर्षे बाकी होती. कायदा मंजूर झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपण नागपुरात होतो.

तारखांच्या योगायोगात अर्थ शोधणारा मी नव्हे, ते काम ज्योतिषांचे. पण या योगायोगामुळे मी इग्बोंच्या इतिहासात शिरलो आणि जे वाचले ते आपल्या तरुणांसमोर ठेवणे गरजेचे वाटते. त्याला कारणेही दोन आहेत.

पहिले कारण, मोबाइलवर फिरणारा एक मजकूर. 'जात जगभर आहे. आफ्रिकेतल्या इग्बोंमध्येसुद्धा अस्पृश्य आहेत. मग एकट्या हिंदू धर्माला झोडपता कशाला?' असा त्याचा सूर. लिहिणाऱ्याला इग्बोंबद्दल काडीचेही प्रेम नाही, त्याला फक्त स्वतःची सुटका करून घ्यायची आहे. दुसरे कारण आपल्याच घरातले. अभ्यासवर्गात मी ओसूंचा विषय काढला तेव्हा एक तरुण मित्र चिडला. म्हणाला, 'दादा, हे सगळं गोऱ्या मिशनऱ्यांनी रंगवलेलं आहे. आफ्रिकेचा मूळ समाज समतेचा होता. आपल्या काळ्या भावांची बदनामी आपण करायची का?'

मजकूरवाला लबाड आहे आणि मित्र भाबडा. पण दोघांनाही उत्तर द्यायचे तर आधी इग्बो कोण, हे नीट पाहिले पाहिजे.

नायजेरियाच्या आग्नेय भागात, नायजर नदीच्या दोन्ही अंगांना, पण मुख्यतः पूर्वेला, इग्बोंचा मुलूख आहे. त्यांच्यात एक जुनी म्हण आहे, 'इग्बो एन्वे एझे', म्हणजे इग्बोंना राजा नसतो. काही ठिकाणी राजे होते, नाही असे नाही. न्री येथला राजा तर प्रसिद्ध आहे, पण त्याची सत्ता फौजेची नव्हती, विधींची होती. बहुतेक गावांचा कारभार मात्र सभेने चाले. एका कुळातल्या पुरुषांची सभा म्हणजे उमुन्ना. लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकींची वेगळी संघटना, तिचाही धाक मोठा. समवयस्कांचे गट रस्ते, बाजार, संरक्षण सांभाळत. आठवडा चार दिवसांचा आणि प्रत्येक दिवस एकेका बाजाराच्या नावाचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. मोठेपणा कर्तबगारीने मिळवावा लागे. सभेत ज्याला बोलता येई, म्हणी पेरून मुद्दा पटवता येई, त्याचे वजन पडे.

इंग्रजांना हे समजेना. कर कुणाकडून वसूल करायचा? मग त्यांनी कागद देऊन माणसे नेमली आणि त्यांना प्रमुख म्हटले. 'वॉरंट चीफ' ते हेच. १९२९ च्या नोव्हेंबरात ओलोको गावात न्वान्येरुवा नावाच्या एका विधवेला मोजदादीला आलेल्या माणसाने तिच्या घरातली माणसे आणि जनावरे विचारली. बायकांवरही कर बसणार, असा त्याचा अर्थ निघाला आणि हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांचे हत्यार जुनेच होते. ज्याने अन्याय केला त्याच्या दारात जमायचे, त्याच्या नावाने टवाळीची गाणी म्हणायची, रात्रभर नाचायचे, त्याला तोंड दाखवणे मुश्कील करायचे. गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या, पण वॉरंट चीफची व्यवस्था इंग्रजांना मोडीत काढावी लागली. कुठल्याही समाजाने अभिमान बाळगावा असा हा इतिहास आहे.

आणि त्याहून जुना पुरावा जमिनीखाली होता. १९३८ च्या सुमारास इग्बो-उक्वू गावात एक माणूस घराच्या आवारात पाणी साठवायचा खड्डा खणत होता, तेव्हा कांस्याच्या वस्तू वर आल्या. पुढे १९५९ पासून थर्स्टन शॉ यांनी तिथे उत्खनन केले. शंख, भांडी, दांडे, त्यांवर किडे-माशा बसलेल्या दिसाव्यात इतके बारीक काम, आणि दीड लाखाहून अधिक मणी. काळ साधारण नववे शतक. युरोपाचा प्रभाव पोहोचण्याच्या कित्येक शतके आधीचे हे काम. आफ्रिकेला इतिहास नाही म्हणणाऱ्या गोऱ्या पंडितांच्या तोंडावर ही चपराक होती.

पण त्याच उत्खननात एक दफनाची खोली सापडली. त्यात एक मोठा माणूस, बहुधा पुरोहित-राजा, बसलेल्या अवस्थेत, दागिन्यांनी मढवलेला. आणि त्याच्या खोलीच्या वर किमान पाच इतर माणसांचे अवशेष. त्याच्यासोबत पाठवलेले सेवक असावेत, असा अंदाज आहे. संग्रहालयात लोक कांस्याचे भांडे बघायला रांग लावतात. त्या पाच जणांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. वारसा, वारसा म्हणून जेव्हा कुणी छाती फुगवतो, मग तो इग्बो असो की मराठी, तेव्हा मला त्या पाच जणांची आठवण येते. सांगाडे कुणाचे आणि दागिने कुणाचे, हा प्रश्न विचारल्याशिवाय वारशाला हात लावू नये.

आता ओसूंकडे येऊ. इग्बो समाजात जन्माने स्वतंत्र तो डिआला. माणसाचा गुलाम तो ओहू. आणि देवाला वाहिलेला तो ओसू. कुणावर संकट आले, रोग आला, तर दैवताला माणूस वाहायचा. तो मग त्या देवस्थानाचा. त्याने देवळाच्या आसपास राहायचे, देवाची जमीन कसायची, सेवा करायची. त्याला कुणी मारायचे नाही, कारण तो देवाचा माल. आणि त्याच्याशी कुणी सोयरीकही करायची नाही, कारण तो देवाचा माल. त्याची मुले ओसू, नातवंडे ओसू. डिआलाने ओसूशी लग्न केले तर तोही ओसू. ओसूला मानाच्या पदव्या घेता येत नसत. मेल्यावर त्याला गावाच्या भल्या जागेत पुरत नसत, रानात टाकत.

ज्यांनी मुरळी, जोगतीण, पोतराज पाहिले आहेत त्यांना 'देवाला सोडणे' म्हणजे काय ते सांगायला नको. एक तपशील तर अंगावर काटा आणतो. ओसूने केसाला वस्तरा लावायचा नाही, असा दंडक होता. केस वाढत, गुंतत, मळत. जटा बघूनच कळे की हा कोण. आपल्याकडे आजही कार्यकर्ते जोगतिणीची जट कापायला जातात तेव्हा तिचे हात थरथरतात, देवी कोपेल म्हणून. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीत हाच प्रसंग आहे. दोन ओसू चर्चमध्ये येतात, बाकीचे नवख्रिस्ती त्यांना हाकलायला निघतात, आणि तिथला धर्मशिक्षक ठाम राहतो. त्या दोघांना तो आधी केस काढायला सांगतो. ते घाबरतात, काढतात, आणि मरत नाहीत.

आणि कोला. कोलाची बी म्हणजे तिकडचा पानविडा समजा. पाहुणा आला, सभा भरली, लग्न ठरले, की आधी कोला पुढे येते, ज्येष्ठ माणूस तिच्यावर प्रार्थना म्हणतो, फोडतो, सगळ्यांना वाटतो. कोलाला इंग्रजी समजत नाही, असे इग्बो गमतीने म्हणतात, म्हणजे प्रार्थना इग्बो भाषेतच व्हायला हवी. इतका हा विधी त्यांच्या जिव्हाळ्याचा. पण डिआलांच्या सभेत ओसूने कोला फोडायची नाही, तो वयाने कितीही मोठा असो. राजा नसलेल्या, सभेने चालणाऱ्या, वडीलधाऱ्याला मान देणाऱ्या या लोकशाहीची हद्द त्या एका बीवर कळते. चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि माणसे पिऊ शकत नव्हती. इथे भाषा कोणती हे कोलाला कळते, वय कळते, पण आधी कूळ कळते.

इथे एक युक्तिवाद हमखास येतो, आणि तो ऐकताना आपल्याला घरी आल्यासारखे वाटते. ओसू मुळात अपमानित नव्हतेच म्हणे. ते पवित्र होते, देवाचे सेवक होते, लोक त्यांचा आदर करत. पुढे अर्थ बिघडला. अहो, हे तर 'वर्ण मुळात गुणकर्मावरून होते' याचे आफ्रिकी भावंड झाले! पवित्र म्हणून दूर ठेवले काय आणि अपवित्र म्हणून दूर ठेवले काय, दूर ठेवलेल्याला त्यात काय फरक? त्याला विचारले होते का, की बाबा, तुला पवित्र व्हायचे आहे का?

या युक्तिवादात इतिहासाचा एक कण आहे, तो मात्र टाकून देऊ नये. अटलांटिक गुलामव्यापाराच्या काळात इग्बो मुलुखातून माणसे पकडून बॉनी आणि कॅलाबारच्या बंदरांकडे नेली जात. अरोचुक्वूच्या देवस्थानात न्यायनिवाडा होई आणि दोषी ठरलेला माणूस देवाने खाल्ला असे सांगून प्रत्यक्षात विकला जाई. देवाच्या नावाने माणसांची दलाली! अशा काळात विकले जाण्यापेक्षा देवस्थानाचा आसरा बरा, म्हणून कित्येक जण स्वतःहून ओसू झाले. व्यापार वाढला तशी ही प्रथाही घट्ट झाली, असे काही इतिहासकार मांडतात. म्हणजे गोऱ्यांचा हात आहेच. पण आत बसलेल्या दलालांचाही आहे. १७८९ साली ओलाउडा इक्विआनो याने आपली गुलामीची कहाणी इंग्रजीत छापली. त्याच्याच सांगण्याप्रमाणे तो इग्बो, आणि त्याच्या बापाच्या घरीही गुलाम होते. गुलामांच्या जहाजावर चढवला गेलेला माणूस हे लपवत नाही. मग आपण कशाला लपवायचे? जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, ती काळा-गोरा हिशेब मांडायला नव्हे. माणूस माणसाला गुलाम कसा करतो, हे त्यांना दाखवायचे होते.

१८५७ मध्ये ओनित्शा इथे अँग्लिकन मिशन आले. ते सुरू करणारा जॉन टेलर हा मुक्त झालेल्या इग्बो गुलामांचाच मुलगा. सुरुवातीला चर्चमध्ये कोण गेले? ज्यांना गावाने टाकले ते. गुलाम, ओसू, जुळी मुले झाली म्हणून घराबाहेर काढलेल्या आया. ओसू आधी गेले म्हणून आधी शिकले, शिक्षक झाले, कारकून झाले. मग डिआलांना कळले की शाळेत सत्ता आहे. तेही आले. आणि येताना आपले कूळ घेऊन आले.

अचेबेंची पुढची कादंबरी १९६० ची, 'नो लाँगर अॅट ईझ'. मुलगा विलायतेत शिकून आलेला, मुलगी विलायतेत शिकून आलेली नर्स. मुलगी ओसू निघते. मुलाचा बाप कोण? पहिल्या कादंबरीत घर सोडून, बापाचा शाप घेऊन मिशनमध्ये गेलेला तोच पोरगा. आता म्हातारा, आयुष्यभर चर्चची सेवा केलेला. तो मुलाला सांगतो, हे लग्न नको. आई सांगते, माझ्या जिवंतपणी केलेस तर मी जीव देईन. देव बदलला, नाव बदलले, पुस्तक आले, जट कापली गेली. सोयरीक तेवढी जागची हलली नाही.

आजही इग्बो लग्नाआधी चौकशी होते. तिला शब्दच आहे, 'इजू एसे'. मुलाकडचे मुलीच्या गावी जातात, मुलीकडचे मुलाच्या. घरात वेड आहे का, चोरी आहे का, रोग आहे का, असे विचारत विचारत खरा प्रश्न येतो, तो कुजबुजत. जोडपे लागोसमध्ये असो वा लंडनमध्ये, फोन गावाकडे जातो. आणि गाव विसरत नाही. सरकारी दप्तरात ओसूची नोंद कुठेच नाही, त्यामुळे राखीव जागा नाही, संरक्षण नाही. पण गावाच्या तोंडी दप्तरात पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद चोख आहे. १९५६ चा कायदा आहे. १९९९ च्या राज्यघटनेचे ४२ वे कलम आहे, जन्माच्या परिस्थितीवरून कुणावर अन्याय करायचा नाही असे सांगणारे. कुजबुजीवर खटला कसा भरायचा?

अलीकडे गावोगावचे पारंपरिक प्रमुख आणि पुजारी विधी करून जाहीर करतात की आमच्याकडे ओसू प्रथा संपली. चांगले आहे, नको म्हणणार नाही. पण ज्या देवाच्या नावाने बांधले त्याच देवाच्या पुजाऱ्याने सोडायचे, यात आर्यसमाजी शुद्धीचा वास येतो. माणूस मुळात बांधलेलाच नव्हता, हे कुणी म्हणत नाही.

इग्बो पुढाऱ्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. १९६६ मध्ये उत्तर नायजेरियात त्यांच्या कत्तली झाल्या. १९६७ ते १९७० बियाफ्राचे युद्ध झाले, लाखो माणसे, त्यांत मुले किती, उपासमारीने गेली. युद्धानंतर बँकेत कितीही पैसे असोत, हातावर २० पौंड ठेवले गेले. त्यातून हा समाज उभा राहिला तो उमेदवारीच्या पद्धतीने: पोरगा व्यापाऱ्याकडे काही वर्षे राबतो आणि शेवटी व्यापारी त्याला स्वतःचे दुकान मांडून देतो. आपल्या उद्योजक तरुणांनी ही पद्धत जरूर अभ्यासावी. पण इतका घाव सोसलेल्या समाजात 'आता घरातले भांडण नको, आधी एकी' हे वाक्य फार चालते. ओसूने गप्प बसायचे, कारण शत्रू बाहेर उभा आहे. 'आधी स्वराज्य, मग सुधारणा' हे आपण पुण्यात ऐकलेले आहे. ती 'मग' कधी येत नाही.

आता त्या मजकूरवाल्याला उत्तर. बाबा रे, इग्बोंकडे मनुस्मृती नाही. चार वर्णांची उतरंड नाही, हजारो जातींची श्रेणीबद्ध विषमता नाही. मुलूखभर पसरलेली पुरोहितांची जात नाही. फक्त एक दैवताची मोहोर आणि एक लग्नबंदी, एवढ्यावर ती प्रथा कायदा आणि चर्च दोन्ही पचवून सत्तर वर्षे टिकली. मग जिथे ग्रंथ आहे, उतरंड आहे, प्रत्येकाला पायाखाली घ्यायला कुणीतरी आहे, तिथे दोष किती? ओसूंचे उदाहरण तुझ्या बाजूचा साक्षीदार नाही. १९१६ मध्ये कोलंबियात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म बंदिस्त लग्नव्यवहारात दाखवले. ओसू प्रथा त्याच निदानाला दुसऱ्या खंडातून दुजोरा देते. आणखी एक. २००१ साली दरबानच्या वंशवादविरोधी परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न ओसू आणि जपानच्या बुराकूंच्या प्रश्नासोबत जगापुढे मांडला. तेव्हा भारत सरकारची भूमिका काय होती? हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे! जगात गेले की घरातला प्रश्न आणि घरात आले की जगभरचा प्रश्न. एक काहीतरी ठरवा.

आणि माझ्या चिडलेल्या मित्रा, तुला. ओसूबद्दल बोलणे ही इग्बोंची बदनामी नाही, कारण ओसूही इग्बोच आहेत. न्वान्येरुवाचा वारसा जितका डिआलाचा तितकाच त्यांचा. आफ्रिकेवर प्रेम करायचे तर त्यांच्यावर आधी करावे लागेल. पण मला वाटते, तू चिडलास ते इग्बोंसाठी नव्हेच. चर्चची गोष्ट ऐकताना तुला आपले विहार आठवले असेल. धम्म घेऊन झाला, बावीस प्रतिज्ञा पाठ झाल्या, आणि वधू-वर मेळाव्यात फॉर्म भरताना पोटजातीचा रकाना अजून आहे. विदर्भात सोमवंशी, लाडवन, बावने विचारतात. मातंगाच्या घरची मुलगी म्हटले की आजी पाणी मागते. 'इजू एसे' आपल्याकडेही चालते, फक्त आपण तिला स्थळाची चौकशी म्हणतो.

येत्या रविवारी अभ्यासवर्गात अचेबेंची ती दुसरी कादंबरी घेतली आहे. ज्यांच्या घरी सध्या स्थळे पाहणे चालू आहे, त्यांनी आईवडिलांना घेऊन यावे.